बॉनेटवरची जाळी



आमचे अण्णा पहाटे साडेचारला उठतात. स्नान, गंध, ज्ञानेश्वरीच्या चार-सहा ओव्या, तुळशीला पाणी आणि त्यानंतर अंगणातली गाडी. जुन्या धोतराचा हातभर तुकडा त्यांनी गाडीसाठी म्हणून वेगळा ठेवला आहे. तो दोनदा झटकायचा, खांद्यावर टाकायचा, गाडीभोवती एक चक्कर मारायची आणि मग टपापासून पुसायला सुरुवात करायची. तोंडाने नाम चालूच असते. अण्णा बत्तीस वर्षे एसटीत चालक होते. समोरची काच स्वतःच्या हाताने पुसल्याशिवाय त्यांनी डेपोतून कधी गाडी काढली नाही. निवृत्तीनंतर ती काच गेली, पुसणे मात्र राहिले.

यंदा वैशाखातल्या एका सकाळी मी कामावर निघालो होतो. ऊन नुकतेच भिंतीवरून खाली उतरून नेमके बॉनेटवर पडले होते. आमची गाडी गडद निळी. त्या उन्हात बॉनेटवर कोळ्याने विणावे तसे जाळे दिसले. मध्ये सूर्याचे प्रतिबिंब आणि त्याच्याभोवती हजारो बारीक गोल रेघा. मी वाकून दारे पाहिली, डिकी पाहिली. सगळीकडे तेच. पलीकडच्या बाजूला अण्णा कोरड्या फडक्याने दार पुसत होते आणि फडक्याखाली धुळीची करकर मला ऐकू येत होती.

माझ्या तोंडून निघून गेले, "अण्णा, तुम्ही गाडी पुसत नाही, घासता. ह्या सगळ्या जाळ्या तुमच्या हाताच्या आहेत. गोल गोल फडकं फिरवून वाट लावलीत गाडीची."

फाटकात दूधवाला उभा होता. पत्नी दारात होती. अण्णा काही बोलले नाहीत. त्यांनी फडक्याची चौपदरी घडी केली, ती कठड्यावर ठेवली आणि आत गेले. दुसऱ्या दिवशी तुळशीला पाणी घालून ते सरळ ओट्यावर येऊन बसले. गाडीकडे गेले नाहीत. तिसऱ्या दिवशीही नाही.

मी मात्र त्या दिवसांत अण्णांचा नव्हे, गाडीचाच विचार करत होतो. हे सांगायला लाज वाटते, पण खरे तेच आहे.

ही गाडी आमच्याकडे आली तीच मुळी अण्णांच्या गुडघ्यांमुळे. एकोणीस वर्षे ते आळंदीपासून पायी गेले. आम्ही फलटणचे, त्यामुळे पालखी विमानतळावर मुक्कामाला आली की अण्णांची निम्मी दिंडी आमच्या घरी अंघोळीला आणि पिठलं-भाकरीला असायची. मग गुडघे गेले. डॉक्टरांनी चालायचे नाव काढू नका म्हणून सांगितले. त्या वर्षी अण्णा पालखीच्या दिवशी देवघरासमोर बसून राहिले, बाहेर आलेच नाहीत. पुढच्या वर्षी मी ही जुनी गाडी घेतली. तेव्हापासून नवमीला मी त्यांना आडवाटेने वाखरीला सोडतो. तिथून दशमीला पंढरपुरापर्यंतचे अंतर ते दिंडीबरोबर हळूहळू, काठी टेकत, पण पायीच जातात. तेवढीच त्यांची वारी. तेव्हा रोज सकाळी ते काय पुसत होते, हे मला कळायला हवे होते.

गावात डेंटिंग-पेंटिंगचे काम करणारा माझा एक वर्गमित्र आहे. रविवारी गाडी त्याच्याकडे नेली. म्हटले, काहीतरी लावून जाळ्या घालव. त्याने एक लहानसे यंत्र काढले आणि ठिकठिकाणी पत्र्याला टेकवून आकडे वाचले. बॉनेटवर ११२, टपावर ११८, उजव्या दारावर १०९. डाव्या मागच्या दारावर मात्र २६०. तो हसला. "हे दार पहिल्या मालकाने ठोकलेलं आहे. खाली पुट्टी आहे, वर दुसरा रंग." चार वर्षे मी त्या दाराने आत-बाहेर करत होतो, मला पत्ता नव्हता.

हे आकडे मायक्रॉनचे. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. पत्र्यावर आधी गंज रोखणारा थर असतो, त्यावर प्रायमर, त्यावर रंग आणि सगळ्यात वर क्लिअर कोट नावाचा पारदर्शक थर. कारखान्यातून येणाऱ्या गाडीवर हे सगळे मिळून साधारण शंभर ते दीडशे मायक्रॉन होतात. आपल्या वहीचा कागद जेवढा जाड, जवळपास तेवढेच. त्यातला पारदर्शक थर चाळीस-पन्नास मायक्रॉनचा, म्हणजे बहुधा डोक्याच्या केसाहूनही पातळ. गाडीची चकाकी याच थराची, आणि उन्हापासून खालचा रंग सांभाळतो तोही हाच. जाळ्या पडतात त्या याच थरात.

मित्र म्हणाला, "हे बघ, ओरखडा भरून निघत नाही. ओरखडा म्हणजे चर. तो घालवायचा तर चराच्या तळापर्यंत आजूबाजूचं सगळं खाली आणायचं. कंपाउंड आणि पॉलिश म्हणजे दुसरं काही नाही, बारीक भुकटीने घासणंच. जेवढं घासशील तेवढा थर जाईल, आणि गेलेला परत येत नाही."

कीर्तनात मळलेल्या आरशाचा दृष्टांत आपण सर्वांनी ऐकलेला आहे. मळ पुसला की मूळचे रूप दिसते. तो ऐकताना मी नेहमी मान डोलावली आहे. पण माझ्या गाडीची गोष्ट निराळी होती. तिच्यावर बसलेला मळ नव्हता, तिला झालेली जखम होती. मळ पुसता येतो. जखमेच्या बरोबरीला यायचे तर आजूबाजूच्या धडधाकट भागालाही झिजावे लागते. हा विचार तेव्हा मनात येऊन गेला, पण त्याचा घराशी काही संबंध आहे असे मला वाटले नाही.

उपाय सांगणारे पुष्कळ भेटले. एकाने टूथपेस्ट सांगितली. टूथपेस्टमध्ये दात घासायची भुकटी असते, त्यामुळे एखादी पुसट रेघ कमी झाल्यासारखी दिसतेही, पण ती भुकटी रंगासाठी बनवलेली नाही. दुसऱ्याने रॉकेलचा बोळा सांगितला. तो दोन दिवस तकाकी देतो आणि वर धूळ चिकटवतो. रस्त्याकडेला तीनशे रुपयांत पॉलिश करून देणाऱ्याकडे शेजाऱ्याने गाडी नेली होती. ती आरशासारखी होऊन आली आणि तीन धुण्यांत जाळ्या पुन्हा हजर झाल्या. मित्राने कारण सांगितले: काही पॉलिशमध्ये तेले आणि भराव असतो. तो चरांत जाऊन बसतो, ओरखडे झाकतो आणि पाण्याबरोबर निघून जातो. म्हणून खरे काम करणारा माणूस पॉलिश झाल्यावर पाणी मिसळलेल्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने तो भाग पुसून घेतो. तेल गेल्यावर जे उरते तेवढेच आपले काम.

गाडी घरीच करायचे ठरवले. मित्र म्हणाला, वेळ असेल तर कर, घाई असेल तर माझ्याकडे ठेव. मी पॉलिश करायचे मशीन घेतले, तेही त्याच्या सल्ल्याने ड्युअल अ‍ॅक्शन. त्यात पॅड स्वतःभोवती फिरते आणि त्याच वेळी डोलते, त्यामुळे एका जागी उष्णता साठत नाही. गॅरेजातले रोटरी मशीन नुसते गरगर फिरते. अनुभवी हातात ते सोने आहे, नवख्याच्या हातात रंग जाळायचे साधन. सोबत तीन पॅड, दोन बाटल्या, डझनभर मायक्रोफायबरची फडकी आणि मास्किंग टेप.

ज्येष्ठातले ऊन. दुपारी पत्र्यावर हात ठेववत नाही, आणि तापलेल्या पत्र्यावर पॉलिश लागलीच वाळते. म्हणून काम संध्याकाळी पाचनंतर, पत्र्याच्या शेडखाली. पहिले दोन दिवस नुसते धुण्यात गेले. वाचकांपैकी कुणी हे करणार असेल तर त्याने हे दोन दिवस वाचवू नयेत. बादल्या दोन घ्यायच्या, एकीत शाम्पूचे पाणी, दुसरीत साधे. आधी नुसत्या पाण्याच्या धारेने सुटी धूळ जाऊ द्यायची. मग फडके शाम्पूत बुडवायचे, एक भाग वरून खाली पुसायचा, साध्या पाण्यात खळबळून माती सोडायची आणि मगच पुन्हा शाम्पूत घालायचे. चाकांचे फडके वेगळे. आमचे बोअरचे पाणी जड, थेंब वाळला की पांढरा डाग धरतो, म्हणून लगेच टिपून घ्यायचे. टिपायचे, ओढायचे नाही.

धुऊन झाल्यावर मित्राने सांगितलेली परीक्षा केली. हातात प्लास्टिकची पिशवी घालून पत्र्यावरून बोटे फिरवली. नुसत्या हाताला गुळगुळीत लागणारा पत्रा पिशवीतून खरखरीत लागला. ब्रेकची लोखंडी पूड, डांबराचे कण, झाडाचा चीक, असे काय काय रुतून बसलेले असते. ते काढायला मातीच्या गोळ्यासारखी एक चिकण वस्तू मिळते, तिला क्ले म्हणतात. पत्रा ओला ठेवून ती अलगद फिरवायची. पहिल्यांदा करकरते, मग मऊ सरकायला लागते. ती मळली की घडी घालून आतली बाजू बाहेर काढायची, आणि एकदा का जमिनीवर पडली की टाकून द्यायची. माझी अर्धी पडली. खडे लागलेले असतील म्हणून फेकून दिली, जीव हळहळला.

हे सगळे चालू असताना अण्णा ओट्यावर बसून टाळांच्या दोऱ्या बदलत होते. दरवर्षी वारीआधी ते नव्या दोऱ्या ओवतात. माझ्याकडे बघत नव्हते, पण पाण्याची बादली संपली की कुठूनतरी दुसरी भरलेली येऊन उभी राहायची.

तिसऱ्या संध्याकाळी मशीन लावले. रबराच्या पट्ट्या, दिव्यांच्या कडा, बॉनेटच्या धारा, सगळ्यांवर टेप चिकटवली. धारेवर रंग सगळ्यात पातळ असतो आणि मशीनचा दाब सगळ्यात जास्त पडतो. बॉनेटच्या मधोमध टेपची एक आडवी रेघ ओढली. अर्धे करायचे, अर्धे तसेच ठेवायचे, म्हणजे फरक कळतो. सुरुवात सगळ्यात मऊ पॅडने आणि सगळ्यात सौम्य पॉलिशने करायची. त्याने भागले तर जहाल औषधाकडे जायचे नाही. पॅडवर वाटाण्याएवढे चार थेंब, दोन-दोन फुटांचा चौकोन, आधी आडव्या ओळी, मग उभ्या, नांगरटीसारख्या एकावर एक अर्ध्या चढवलेल्या. हात इतका सावकाश न्यायचा की पाहणाऱ्याला कंटाळा यावा.

माझे सौम्य पॉलिशने भागले नाही. कंपाउंड घ्यावे लागले, मग त्याची धूसर छटा घालवायला पुन्हा सौम्य. कंपाउंडच्या एका खेपेला साधारण दोन-चार मायक्रॉन जातात असे मित्राने सांगितले होते. मी मनातल्या मनात चाळीसातून वजाबाकी करत होतो. पण टेप काढली आणि पाहिले, तर माउली, एका बाजूला धुके आणि दुसऱ्या बाजूला विहिरीचे पाणी! शेडचा एकेक पन्हाळी पत्रा त्यात मोजता येत होता. पत्नीला हाक मारली, मुलाला हाक मारली. अण्णांना मारली नाही. का, ते विचारू नका.

अंधार पडल्यावर उरलेल्या अर्ध्या भागावर किती काम आहे ते पाहावे म्हणून बॅटरी लावली. जाळे दिसले. बॅटरीचा हात डावीकडे नेला, तर जाळेही डावीकडे सरकले. उजवीकडे नेला, उजवीकडे आले. गोल रेघांचा मध्य कायम बॅटरीच्या प्रतिबिंबापाशीच. पत्र्यावर जर खरोखरच गोल रेघा असत्या, तर त्यांचा मध्य एका जागी राहायला नको का?

मी खाली बसलो. बराच वेळ बॅटरी पुढेमागे करत राहिलो. मग घरात जाऊन काथ्याने घासलेली जुनी परात आणली आणि तिच्यावर बॅटरी धरली. तिथेही तेच. तुम्हीही करून पाहा. रेघा सगळ्या दिशांनी असतात, उभ्या, आडव्या, तिरक्या. पण त्यांतल्या ज्या प्रकाशाच्या ठिपक्याला आडव्या पडतात तेवढ्याच चमकतात, बाकीच्या डोळ्याला दिसतच नाहीत. चमकलेल्या त्या तुकड्यांचे मिळून वर्तुळ दिसते. हात गोल फिरला होता म्हणून रेघा गोल दिसतात, असे नाही. सरळ पुसले तरी त्या गोलच दिसणार.

आणि अण्णा सरळच पुसतात. हे मी लहानपणापासून पाहत आलो आहे. एसटीची काच पुसावी तसे वरून खाली, एका ओढीत, मग शेजारची ओढ. गोल हात फिरवणारा घरात दुसराच एक माणूस आहे. तो दर रविवारी एकच बादली घेऊन, एकच स्पंज घेऊन गाडी धुतो. चाके पुसून झाल्यावर तोच स्पंज बॉनेटवर फिरवतो, खाली पडला तर उचलून पुन्हा वापरतो, आणि फेस व्हावा म्हणून चांगला जोर लावून गोल गोल घासतो. तो माणूस म्हणजे मी.

कोरड्या फडक्यानेही रेघा पडतात, यात शंका नाही. पण कुणाच्या हाताची कोणती, हे त्या पत्र्यावरून आता कुणालाच सांगता येणार नव्हते. मी मात्र दूधवाल्यासमोर निकाल देऊन बसलो होतो.

त्या रात्री अण्णांशी बोलावे असे वाटले. ते माजघरात झोपायच्या तयारीत होते. मी दारापर्यंत गेलो, "पाणी ठेवलं का तांब्यात?" एवढेच विचारले आणि परत आलो. माणूस पुरावा मांडताना किती बोलतो, आणि तोच पुरावा उलटला की त्याला दोन शब्द सापडत नाहीत.

झोप लागली नाही. पहाटे उठलो आणि अण्णा काकड्याला बसलेले असतानाच मशीन लावले. मन ठिकाणावर नव्हते, हात चालवावा म्हणून चालवत होतो. बॉनेटचा उरलेला भाग, पॅड जहाल, वेग वाढवलेला. पुढच्या धारेवरची टेप रात्रीच्या दवाने सुटली होती, ती मी पाहिलीच नाही. धारेपाशी मशीन जरासे कलते झाले आणि तिथेच रेंगाळले. उचलले तेव्हा पांढऱ्या पॅडवर निळा डाग होता.

पारदर्शक थरावर काम करताना पॅडवर रंग येत नाही. रंग आला याचा अर्थ थर संपला. बॉनेटच्या धारेवर अंगठ्याएवढा एक भाग मंद, कोरडा, डोळ्यातले पाणी आटल्यासारखा दिसत होता. आता त्याच्यावर जितके पॉलिश करावे तितका तो बिघडणार. अण्णांच्या फडक्याने इतक्या वर्षांत जे केले नव्हते, ते मी मिनिटभरात केले होते.

मागे काठीचा आवाज आला. अण्णा गंध लावून आले होते. त्यांनी वाकून तो डाग पाहिला, त्यावरून बोट फिरवले.

"किती मायक्रॉन गेलं?" त्यांनी विचारले. ओट्यावर बसून त्यांनी सगळे ऐकलेले होते.

"सगळे," मी म्हणालो.

ते हसले. काही वेळाने म्हणाले, "पांडुरंगाचं पाय बघितलंस न्हवं? कशानं झिजलं रं ते? कुणी घण घातला न्हाई. समदी डोकं टेकवायलाच आल्याली."

विठ्ठलमूर्तीची झीज हा आपल्या सगळ्यांच्या काळजीचा विषय आहे. अभिषेकाने, स्पर्शाने, शतकानुशतकांच्या डोक्यांनी आणि हातांनी ते चरण झिजले. तज्ज्ञांकडून मूर्तीला वज्रलेप केला जातो, २०२० सालीही झाला. अण्णांनी त्या वेळची बातमी कापून ज्ञानेश्वरीत ठेवलेली आहे.

"म्हणून काय दर्शन बंद केलं व्हय?" अण्णा म्हणाले. "लेप लावला आन पुन्हा पायांवर डोकं ठिवलं."

मी खाली बसलो आणि त्यांच्या पायांना हात लावला. "अण्णा, त्या दिवशी मी चुकलो."

"कवाच्या दिवशी?"

"फडक्यावरून बोललो ते."

"ते व्हय." त्यांनी बॉनेटवरचा माझा हात बाजूला सारून पुन्हा तो डाग न्याहाळला. "आरं, फडकं कोरडंच हुतं की माझंबी. एसटीची काच हाय ती, तिला काय हुतंय. ह्यो रंग नाजूक. सांगितलं असतंस तर ओलं केलं असतं."

सांगितले असते तर. मी त्यांना सांगितले नव्हते, सुनावले होते.

उरलेले काम आम्ही दोघांनी मिळून केले. टेप लावण्याचे खाते अण्णांनी घेतले. चालकाचा हात, एकही धार उघडी राहिली नाही. प्रत्येक चौकोन झाला की ते बॅटरी धरायचे आणि मी पुसायचो. नखाला अडकतात असे तीन ओरखडे निघाले, ते तसेच ठेवले. नख अडकले म्हणजे चर खोल आहे, तो घालवायला जावे तर थर उरत नाही. "ऱ्हाऊ दे की," अण्णा म्हणायचे, आणि मी मशीन पुढे न्यायचो. हे "राहू दे" म्हणणारा माणूस शेजारी नसता, तर मी टपही जाळले असते. डाव्या मागच्या दाराला, त्या पुट्टीवाल्या दाराला, कंपाउंड लावलेच नाही. आकडा मोठा असला तरी वरचा थर कुणी, कसा दिला आहे कोण जाणे. सगळे झाल्यावर हाताने मेण लावले. धारेवरच्या डागावर मित्राने ब्रशने पारदर्शक लाखेचे बोट ओढून दिले. ऊन खालच्या रंगापर्यंत पोचू नये एवढाच त्याचा उपयोग. डाग दिसतोच.

आता सकाळचा क्रम थोडा बदलला आहे. धोतराच्या तुकड्याऐवजी मायक्रोफायबरचे फडके, आणि एका बाटलीत पाणी व थोडे पुसायचे औषध. अण्णा आधी फवारा मारतात, धूळ भिजू देतात, चौपदरी घडीने एकाच ओढीत वरून खाली पुसतात आणि प्रत्येक ओढीला फडक्याची बाजू बदलतात. फार धूळ असेल तर पुसतच नाहीत, मला हाक मारतात, "पानी मार रं आधी." धोतराचा तुकडा त्यांनी टाळांना गुंडाळला आहे. रविवारी मी दोन बादल्या भरतो. गोल हात फिरला की ओट्यावरून काठी आपटल्याचा आवाज येतो.

आषाढ शुद्ध नवमीला नेहमीप्रमाणे वाखरीला गेलो. वाटेत पाऊस, चिखल आणि ट्रकांची धूळ असे सगळेच लाभले. तळाच्या अलीकडे गाडी उभी करून मी अण्णांची वळकटी आणि टाळ काढत होतो. तेवढ्यात कुठल्याशा दिंडीतल्या एक आजीबाई आल्या. डोक्यावरचे ओले बोचके त्यांनी माझ्या बॉनेटवर टेकवले, ते नीट बसेना म्हणून थोडे ओढून घेतले, आणि त्याला टेकून डोळे मिटून उभ्या राहिल्या. बोचक्याला पितळी तांब्या बांधलेला होता. तो पत्र्यावरून घसरत गेल्याचा आवाज मी ओळखला.

माझा हात खिशातल्या फडक्याकडे गेला. अण्णा माझ्या तोंडाकडेच बघत होते.

"हितं बॅटरी लावायची न्हाई," ते म्हणाले आणि आजीबाईंच्या पाया पडले. त्याही त्यांच्या पडल्या. मग मीही वाकलो.

द्वादशीला अण्णांना घेऊन घरी आल्यावर गाडी धुतली. बॉनेटवर वीतभर रेघ आहे. नख अडकत नाही. दिवाळीनंतर पाहू.